गॉर्डिअनचं उत्खनन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिडास राजाच्या राजधानीबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून तेच ते काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही शाळकरी मुलांचे, काही पुरातत्त्व शिकणाऱ्यांचे, बरेचसे तुर्कस्तानच्या सहलीला निघालेल्यांचे. ते सगळे इथे एका जागी केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे गुंतागुंतीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गॉर्डिअन म्हणजे काय? ते नेमकं कुठे आहे?

अंकाऱ्याच्या नैर्ऋत्येला साधारण ऐंशी किलोमीटरवर, पोलात्ली या गावाजवळ, साकार्या नदीच्या काठी यास्सीह्योयुक नावाचं खेडं आहे. तुर्की भाषेत या नावाचा अर्थच 'सपाट टेकाड'. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला पांढर म्हणतात आणि गावाबाहेरचा तसा उंचवटा दिसला की जाणती माणसं सांगतात, ही पांढर आहे, इथे खापरं मिळतात. यास्सीह्योयुकचं टेकाड तसंच आहे, फक्त फार मोठं. घरावर घर, पिढीवर पिढी अशी चार हजार वर्षांहून जास्त काळाची वस्ती त्यात थरावर थर बसली आहे.

या थरांपैकी सगळ्यांत गाजलेला थर फ्रिजियन लोकांचा. इसवी सनापूर्वी नवव्या ते सातव्या शतकांत मध्य अनातोलियावर (अनातोलिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) त्यांचं राज्य होतं आणि गॉर्डिअन ही त्यांची राजधानी. टेकाडावर तटबंदीचा बालेकिल्ला, खाली नगर, त्यापलीकडे उपनगर आणि भोवतालच्या माळावर शंभराहून जास्त दफनटेकड्या, म्हणजे मृतावर माती रचून केलेले गोल डोंगर. २०२३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

२. भूमध्य समुद्र तर तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे. मग गॉर्डिअनला भूमध्य जगातली वसाहत का म्हणतात?

शंका रास्त आहे. गॉर्डिअन पठारावर आहे आणि तिथला हिवाळा कडक असतो. पण पुरातत्त्वात 'भूमध्य जग' म्हणताना नुसता किनारा धरत नाहीत, त्या समुद्राभोवती माल, माणसं आणि गोष्टी जिथवर पोचत तो सगळा प्रदेश धरतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळाला भेट पाठवणारा पहिला परदेशी राजा मिडास होता आणि त्याने स्वतःचं सिंहासन दिलं होतं. फ्रिजियन आणि ग्रीक लिप्या सख्ख्या बहिणी शोभतात. टेकाडात ग्रीक मातीची भांडी निघतात. उत्खनन करणाऱ्या पेन म्युझियममध्येही गॉर्डिअनचं काम भूमध्य विभागाशीच जोडलेलं आहे. दुसऱ्या बाजूला गॉर्डिअनचे संबंध थेट असिरियाशी, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याशी होते. दोन जगांना जोडणारा हा नाका होता, हेच खरं.

३. हे उत्खनन कोण करतं आणि कधीपासून?

अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. त्यालाच पेन म्युझियम म्हणतात. १९५० पासून गॉर्डिअनचं काम या संग्रहालयाकडे आहे.

जागा मात्र त्यांनी शोधली नाही. १८९३ मध्ये अनातोलियात रेल्वेचं काम चालू असताना जर्मन विद्वान आल्फ्रेड कॉर्टे तिथे आला आणि हेच प्राचीन गॉर्डिअन असं त्याने ओळखलं. १९०० मध्ये तो भाऊ गुस्ताफबरोबर परतला. दोघांनी तीन महिन्यांत पाच दफनटेकड्या उघडल्या. त्यानंतर पन्नास वर्षं तिथे कुणी फावडं लावलं नाही.

१९५० मध्ये रॉडनी यंग आला. त्याने १९७३ पर्यंत सतरा हंगाम खोदकाम केलं. १९७४ मध्ये मोटार अपघातात तो गेला. मग कीथ डेव्रीझ, १९८८ पासून केनेथ सॅम्स प्रमुख आणि त्यांच्याबरोबर खोदकाम बघणारी मेरी व्हॉइट, आणि पुढे ब्रायन रोझ, असा वारसा चालत आला आहे.

४. एक टेकाड खणायला पंचाहत्तर वर्षं कशी लागतात?

हा प्रश्न कधीकधी जरा चिडूनच विचारला जातो. तरी तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण गॉर्डिअनचं मोल या उत्तरात आहे.

पहिलं म्हणजे खोदकाम सलग झालेलं नाही. १९७४ ते १९८७ या काळात जवळजवळ सगळं बळ आधी निघालेल्या गोष्टी अभ्यासण्यात गेलं. खोदणं हा या कामाचा सगळ्यांत वेगवान भाग असतो. वर्षातले उन्हाळ्याचे थोडे आठवडे खोदायचं आणि उरलेलं वर्ष धुणं, मोजणं, जुळवणं, चित्रं काढणं, लिहिणं. दुसरं म्हणजे खोदलेला थर परत भरता येत नाही. एकदा काढला की तो फक्त वहीत उरतो. म्हणून शहाणं पथक बरंचसं टेकाड मुद्दाम पुढच्यांसाठी ठेवतं.

आणि पुढच्यांना ते खरंच लागतं. यंगच्या काळात जे धान्य 'जळालेलं धान्य' एवढंच होतं, त्यातून नंतर तारीख निघाली आणि शंभर वर्षांचा हिशेब बदलला (प्रश्न ११). भांड्याच्या तळाची खरवड त्यांनी जपून ठेवली नसती तर चाळीस वर्षांनी मेजवानीचा बेत कळलाच नसता (प्रश्न १०). २००७ पासून जमिनीखालच्या चुंबकीय फरकांची मोजणी होते आहे. तिच्यातून फावडं न लावता खालच्या नगराचे तट आणि खंदक कागदावर उमटले, आणि शहर पूर्वी वाटत होतं त्यापेक्षा बरंच मोठं, सुमारे एक चौरस किलोमीटरचं असल्याचं दिसलं.

५. मिडास राजा खरोखर होऊन गेला का? की नुसती गोष्टच?

खरोखर होऊन गेला. पुरावा त्याच्या शत्रूने लिहून ठेवला आहे. असिरियाचा सम्राट दुसरा सार्गोन याच्या बखरींत इसवी सनापूर्वी ७१७ ते ७०९ या वर्षांत 'मुश्कीचा मिता' या राजाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आधी तो असिरियाच्या मांडलिकांना फितवतो आणि शेवटी ७०९ मध्ये सार्गोनशी जुळवून घेतो. हा मिता म्हणजेच ग्रीकांचा मिडास. मिडास हे नाव एकापेक्षा जास्त फ्रिजियन राजांचं असावं, त्यामुळे 'मिडासने अमुक केलं' असं वाक्य दिसलं की कोणता मिडास, हे विचारायची सवय लावून घ्या.

२०१९ मध्ये गॉर्डिअनच्या दक्षिणेला, कोन्याच्या मैदानात, एका शेताच्या कालव्यात कोरीव दगड सापडला. त्यावर हार्तापू नावाचा राजा मुस्कांच्या देशावर विजय मिळवल्याची फुशारकी मारतो. मुस्का म्हणजे हेच फ्रिजियन असं बरेच अभ्यासक मानतात.

६. मग हात लावील त्याचं सोनं, ही गोष्ट कुठून आली?

गोष्ट ग्रीक आणि रोमन लेखकांची. मिडासच्या राजधानीत मात्र सोनं फारच कमी निघालं आहे. ज्या सगळ्यांत मोठ्या टेकडीत ते सापडायला हवं होतं तिथे सोन्याचा एक दागिनाही नव्हता. होतं ते कांसं, पितळ, लाकूड आणि कापड.

एक सुरेख शक्यता कापडातून पुढे आली. त्या टेकडीतल्या काही धाग्यांवर गोएथाइट नावाच्या लोहयुक्त खनिजाचा थर मिळाला. त्याचा रंग पिवळा-सोनेरी. असं वस्त्र अंगावर घेतलेला राजा उन्हात सोन्याचा दिसला असेल आणि त्यातून गोष्ट फुलली असेल, असं काही अभ्यासकांना वाटतं. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. घासूनपुसून लख्ख केलेलं पितळही सोन्यासारखंच चमकतं.

७. सगळ्यांत मोठी टेकडी त्यांनी उघडली कशी? वरून खणत गेले का?

नाही. वरून खणणं शक्यच नव्हतं. तिची उंची आजही ५३ मीटर आहे, म्हणजे सोळा-सतरा मजली इमारतीएवढी. तळाचा व्यास सुमारे ३०० मीटर. सगळी माती माणसांनी वाहून टाकलेली.

दफनकक्ष मधोमध नसतो, हे आधीच्या टेकड्यांवरून कळलं होतं. चोरांना चकवायला तो मुद्दाम बाजूला बांधत. म्हणून यंगने तेलविहिरी खणायचं यंत्र माथ्यावर नेलं आणि ठिकठिकाणी बारीक भोकं पाडली. भोक मातीतून जाता जाता दगडाला लागलं की खाली कक्षावर रचलेला दगडांचा ढीग आहे असं समजायचं. अशी बरीच भोकं पाडून ढिगाचा नकाशा तयार केला. १९५७ मध्ये पायथ्याशी आधी उघडा चर आणि पुढे बोगदा खणत ते आत गेले. वाटेत दगडी भिंत लागली. ती फोडताच वरचे सुटे दगड घळाघळा बोगद्यात येऊ लागले. ते उपसल्यावर जुनिपर झाडाचे अख्खे ओंडके दिसले आणि त्यांच्या आत तासलेल्या पाइनच्या लाकडाची भिंत. ती भिंत कापली तेव्हा सत्तावीसशे वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बाहेरची हवा गेली.

ही लाकडी खोली आजही उभी आहे. जगात ज्ञात असलेली ही सगळ्यांत जुनी उभी लाकडी इमारत.

८. आत काय काय होतं?

साठ-पासष्ट वर्षांचा एक पुरुष, उंची सुमारे एक मीटर एकोणसाठ सेंटिमीटर. त्याच्या खाली रंगीत कापडांचे थर. तो पलंगावर निजवला आहे असं यंगला वाटलं आणि तसंच त्याने लिहिलं. पुढे एलिझाबेथ सिम्पसन यांनी लाकडाचा तुकडा न् तुकडा तपासला आणि तो पलंग नसून ओंडक्यातून कोरलेली शवपेटी असल्याचं दाखवून दिलं. गॉर्डिअनच्या लाकडासाठी त्यांनी १९८१ पासून आपलं आयुष्य वाहिलं आहे.

बाकी सारा पंक्तीचा पसारा. तीन मोठ्या कढया, दीडशेहून जास्त कांस्याची भांडी, त्यांत सिंहाच्या आणि मेंढ्याच्या तोंडाच्या दोन बादल्या. कपडे अडकवायच्या दीडशेहून जास्त पिना. नऊ टेबलं, त्यांतलं एक इतक्या बारीक नक्षीचं की यंगने त्याला 'पॅगोडा टेबल' म्हटलं. त्याचा वरचा पाट अक्रोडाचा, चौकट आणि पाय बॉक्सवुडचे, आणि त्यात जुनिपरच्या गडद चिपा बसवून केलेली भौमितिक नक्षी. एकही ढाल नाही, तलवार नाही.

लाकूड टिकलं तरी बुरशीने ते आतून पोखरलं होतं. त्या बुरशीनेही एक गोष्ट सांगितली. बुरशीला वाढायला नायट्रोजन लागतो आणि तो लाकडात फार थोडा असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिने तो राजाच्या देहातून घेतला आणि कक्षाच्या लाकडात दूरवर पसरवला. त्या नायट्रोजनची प्रत पाहून राजाच्या आहारात मांस भरपूर होतं हेही कळलं. माणसाचं शरीर त्याच्याच खोलीच्या जमिनीत असं मिसळून जावं, हे वाचताना मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

९. म्हणजे ही मिडासची समाधी ना?

बहुतेक नाही. पाट्यांवर, पोस्टरवर, गाइडच्या तोंडी 'मिडासची टेकडी' हेच नाव आहे आणि ते आता पुसलं जाणार नाही. पण कक्षाच्या लाकडाच्या वर्तुळांवरून झाडं तोडल्याचा काळ इसवी सनापूर्वी ७४० च्या आसपासचा येतो, आणि मिडास ७०९ मध्ये सार्गोनशी बोलणी करत होता (प्रश्न ५). म्हणजे आत झोपलेला माणूस त्याच्या आधीचा राजा असला पाहिजे, कदाचित मिडासचा बाप. परंपरा त्याला गॉर्डिअस म्हणते. तसं असेल तर ही टेकडी रचून घेणारा आणि ती मेजवानी घालणारा मिडासच असेल. मिडास मग कुठे आहे, यासाठी प्रश्न १९ पाहा.

१०. राजाच्या तेराव्याला काय जेवले हे म्हणे शास्त्रज्ञांनी शोधलं. खरं आहे का?

खरं आहे. दिवस तेरावा होता का ते माहीत नाही, पण अंत्यसंस्काराची पंगत होती. यंगच्या लोकांनी भांड्यांच्या तळाची वाळलेली खरवड पाकिटांत भरून फिलाडेल्फियाला नेली होती. पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तिचं रासायनिक पृथक्करण केलं आणि १९९९ मध्ये ते 'नेचर' नियतकालिकात आलं.

पेयांत तीन गोष्टी एकत्र होत्या: द्राक्षांची वाइन, जवाची बिअर आणि मधाची दारू. जेवणाचा पदार्थ म्हणजे बकऱ्याचं किंवा मेंढीचं मांस आधी विस्तवावर भाजून मग मसुरीबरोबर शिजवलेलं, त्यात मध, वाइन, ऑलिव्हचं तेल आणि बडीशेपेच्या जातीचा मसाला. आपल्याकडे मसूर घालून केलेलं मटण ज्यांनी खाल्लं असेल त्यांना या पदार्थाची चव थोडीफार अंदाजता येईल. पदार्थाचं प्रमाण आणि नेमकी कृती मात्र रसायनशास्त्र सांगत नाही. 'मिडासची अस्सल पाककृती' म्हणून जे छापलं जातं ते आजच्या स्वयंपाक्यांनी रचलेलं असतं.

११. बालेकिल्ला जळाला कधी? जुन्या पुस्तकांत इसवी सनापूर्वी ७०० आहे, नव्यांत ८००. कोणतं खरं?

नवं खरं धरा. पण जुनं कसं चुकलं हे समजून घेण्यासारखं आहे.

यंगला टेकाडात जाड जळका थर लागला. छपरं कोसळलेली, कोठारं भरलेली. धान्य दळायच्या दगडांच्या रांगा जागच्या जागी, मागांची मातीची वजनं शेकड्यांनी पडलेली. म्हणजे दळणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका काम टाकून बाहेर पळाल्या असाव्यात. ग्रीक लेखक सांगतात की किमेरियन टोळ्यांनी फ्रिजियावर स्वारी केली आणि मिडासने बैलाचं रक्त पिऊन प्राण दिला. यंगने दोन्ही गोष्टी जोडल्या: हा जळका थर म्हणजे तीच स्वारी, सुमारे ७०० ची. ही जोडणी पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली.

या शतकाच्या सुरुवातीला जळक्या कोठारांतल्या धान्याची रेडिओकार्बन तपासणी झाली, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढलं. धान्य एकाच वर्षाचं पीक असतं, म्हणून ते लाकडापेक्षा भरवशाचं. उत्तर आलं, इसवी सनापूर्वी सुमारे ८००. म्हणजे मिडासच्या जन्माच्याही आधी. शत्रूच्या हल्ल्याची ठळक खूणही त्या थरात नाही, उलट बालेकिल्ल्यात मोठं बांधकाम चालू होतं. आग बहुधा अपघाताने लागली.

आगीनंतर फ्रिजियनांनी जे केलं ते मला आगीपेक्षा थोर वाटतं. जळक्या अवशेषांवर चार-पाच मीटर चिकणमाती टाकून त्यांनी सगळा बालेकिल्ला उचलला आणि वर जवळजवळ तोच आराखडा पुन्हा बांधला. मिडासने राज्य केलं ते या वरच्या नगरात. हा बदल शंभर वर्षांचा असला तरी त्याने शेजारच्या प्रदेशांतल्या भांड्यांच्या, पिनांच्या आणि लिपीच्या तारखाही हलवल्या. जुनं पुस्तक वाचताना प्रकाशनाचं वर्ष आधी बघा.

१२. अलेक्झांडरने तोडलेली गाठ इथलीच ना? ती सापडली का?

इथलीच. इसवी सनापूर्वी ३३३ मध्ये अलेक्झांडरचं सैन्य गॉर्डिअनला जमलं. बालेकिल्ल्यावर एक जुनी गाडी होती, तिचं जू दांडीला कॉर्नेल झाडाच्या सालीच्या दोराने बांधलेलं, आणि दोराची टोकं दिसत नव्हती. ही गाठ सोडवील तो आशियाचा राजा होईल अशी वाणी होती. त्याने तलवारीने ती छाटली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ग्रीक इतिहासकार एरियन आणखी एक हकीकत देतो: अलेक्झांडरबरोबर असलेल्या ॲरिस्टोब्युलसच्या मते त्याने दांडीतली खुंटी उपसली, आणि जू सुटून आलं. ज्याने लहानपणी बैलगाडी जुंपताना पाहिली आहे त्याला ही दुसरी हकीकत जास्त पटेल.

गाडी किंवा दोर सापडलेला नाही. ती ज्या देवळात होती ते टेकाडावर कुठे होतं हेही ठरलेलं नाही.

१३. फ्रिजियन भाषा वाचता येते का? तिचा मराठीशी काही संबंध आहे का?

लिपी वाचता येते, भाषा अर्धीमुर्धी कळते. ती इंडो-युरोपीय कुळातली आहे, म्हणजे संस्कृतची आणि त्या वाटेने मराठीची दूरची नातलग. फ्रिजियनांच्या मुख्य देवीचं नाव 'मातर'. संस्कृतमधला 'मातृ' आणि हा शब्द एकाच मुळाचे. खडकात कोरलेल्या दगडी दारात उभी असलेली ही आई पुढे ग्रीस आणि रोममध्ये सिबेली म्हणून पुजली गेली.

मोठ्या टेकडीत काही वाडग्यांच्या काठाला मेणाच्या पट्ट्या होत्या आणि त्यांवर नावं खरडलेली. २००७ मध्ये कक्षाच्या छताजवळच्या एका तुळईवरही नावं असल्याचं लक्षात आलं, पन्नास वर्षं समोर असून कुणाला दिसली नव्हती. एक नाव वाडग्यावर आणि तुळईवर, दोन्हीकडे आहे. म्हणजे पंगतीला बसलेला माणूस दफनाच्या कामातही सामील होता. तुळईवरचं आणखी एक नाव 'नाना' असं वाचलं जातं. आपल्या नानांशी त्याचा संबंध नाही, फक्त उच्चार जुळतो. तरी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंधाऱ्या खोलीतून कुणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारावी तसं झालं.

१४. सापडलेल्या वस्तू अमेरिकेला नेल्या का?

नाही. उस्मानी काळातल्या कायद्यापासूनच उत्खननातल्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर तिथे बंदी होती, आणि आजही आहे. कॉर्टे बंधूंच्या १९०० च्या काही वस्तू बर्लिनला आहेत. यंगच्या काळापासूनच्या मात्र तुर्कस्तानातच राहिल्या. लाकडी सामान आणि कांस्याची मुख्य भांडी अंकाऱ्याच्या अनातोलियन संस्कृती संग्रहालयात आहेत, बाकीच्या गावातल्या गॉर्डिअन संग्रहालयात. फिलाडेल्फियात आहेत त्या वह्या, आराखडे, छायाचित्रं. २०१६ मध्ये तिथे मिडासवर मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा शंभराहून जास्त वस्तू तुर्कस्तानने उसन्या दिल्या आणि त्या परत गेल्या.

याला एक जोडप्रश्न येतो: हे संग्रहालय चोरबाजारातला माल घेत नव्हतं का? १९६६ मध्ये त्याने एका विक्रेत्याकडून सोन्याचे चोवीस दागिने घेतले होते. ते ट्रॉयच्या परिसरातले असावेत असं दिसल्यावर २०१२ मध्ये ते बेमुदत उसने म्हणून तुर्कस्तानला पाठवले. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९७० मध्ये, कुठून निघाली याचा पत्ता नसलेली प्राचीन वस्तू यापुढे विकत घेणार नाही असं जाहीर करणारं हे पहिलं संग्रहालय ठरलं. त्यामागे यंगचा आग्रह होता. जागेवरून उपटलेली वस्तू मुकी होते, हे खोदणाऱ्याइतकं कुणाला कळणार!

१५. गॉर्डिअनच्या लाकडावरून दुष्काळ कळला असं वाचलं. तो फ्रिजियनांच्या काळातला का?

नाही, मोठी टेकडी रचली त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा. इथे पुष्कळांची गल्लत होते. कक्षाचे ओंडके ७४० च्या सुमारास तोडले (प्रश्न ९), पण ती जुनिपरची झाडं शतकानुशतकं वाढलेली होती आणि त्यांच्या आतल्या वर्तुळांत जुनी वर्षं कोंडलेली आहेत. वर्तुळ अरुंद म्हणजे पाऊस कमी. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात इसवी सनापूर्वी ११९८ ते ११९६ ही सलग तीन वर्षं भीषण कोरडी दिसली. त्याच सुमारास अनातोलियातलं हित्ताइट साम्राज्य कोसळलं आणि त्यांनी राजधानी हत्तुशा सोडली. एखादं कोरडं वर्ष कोठारातल्या धान्यावर निघतं. दुसरं कर्जावर. तिसऱ्या वर्षी बियाणंही उरत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१६. लहान मुलांच्या समाध्या आहेत का?

आहे, आणि ती एका चार-पाच वर्षांच्या मुलाची आहे. मोठ्या टेकडीच्या शेजारी एक लहान टेकडी आहे, साधारण इसवी सनापूर्वी ७७० ची. अभ्यासक तिला 'पी' म्हणतात. आत मोठ्यांसारखंच लाकडी सामान आणि भांडी. शिवाय हातात मावतील अशी लाकडी जनावरं: सिंह, बैल, आणि तोंडात मासा धरलेला ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या डोक्याचा आणि सिंहाच्या अंगाचा काल्पनिक प्राणी.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पथकाला याहून काही शतकं जुन्या घरांच्या जमिनीखाली मुलांची दफनं मिळाली होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळ. तिथे राजघराणं नव्हतं, माती रचायला मजूर नव्हते, म्हणून मूल घरातच, पायाखालच्या उबेत ठेवलं.

१७. सहलीत जाता येईल का? काय बघावं?

जाता येईल. अंकाऱ्याहून पोलात्लीपर्यंत वेगवान रेल्वे आहे, पुढचे सुमारे वीस किलोमीटर टॅक्सीने. गावात संग्रहालय, समोर मोठी टेकडी. बोगद्यातून आत जाऊन जाळीपलीकडे लाकडी खोली दिसते.

मग टेकाडावर जा. पूर्वेचं महाद्वार आजही सुमारे १० मीटर उंच आहे. त्याच्या भिंतीला फुगवटा आला होता, म्हणून गेल्या दशकात दगड उतरवून, तडे सांधून ती पुन्हा रचली. एका सभागृहाच्या जमिनीवर रंगीत गोट्यांची नक्षी निघाली, नवव्या शतकातली. अशा फरशांत ती सगळ्यांत जुनी समजली जाते. ती उचलून गावातल्या संग्रहालयात ठेवली आहे. त्याच सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर लोकांनी टोकदार वस्तूने सिंह, पक्षी आणि उतरत्या छपरांची घरं ओरखडली आहेत. राजाने कोरवून घेतलेलं हे काम नव्हे. कुणीतरी भिंतीला टेकून वाट बघत असताना हात चालवला आहे.

१८. मी महाराष्ट्रात पुरातत्त्व शिकतो. या उत्खननात काम करता येईल का?

थेट जाऊन फावडं हातात मिळत नाही. परवाना तुर्की सरकार देतं आणि कामावर सरकारी प्रतिनिधी असतो. पथकात सहसा विद्यापीठांमार्फत आलेले अभ्यासक आणि यास्सीह्योयुकचे गावकरी असतात. तुम्ही आधी इथे हात बसवा. डेक्कन कॉलेज पुण्यात आहे. विदर्भात माहुरझरी, जुनापाणी इथली शिळावर्तुळं लोहयुगातली, मृतांसाठी रचलेली. काही वर्तुळांत माणसाबरोबर तांब्याचे दागिने घातलेला घोडा पुरलेला आहे. गॉर्डिअनच्या दफनटेकड्या समजून घ्यायला याहून चांगली पूर्वतयारी नाही.

१९. मग मिडासची खरी समाधी कोणती? ती शोधत का नाहीत?

शोधतात, पण सगळ्या टेकड्या फोडून नव्हे. उघडलेला कक्ष सांभाळायला जन्मभराचा खर्च असतो. बंद कक्ष मातीखाली जास्त सुरक्षित राहतो, नांगर आणि चोरटे लांब ठेवले तर. म्हणूनच मोठ्या टेकडीला कुंपण घातलं आणि तिच्यावर स्थानिक गवत वाढू दिलं. मुळं माती धरून ठेवतात, पावसाने ती वाहून जात नाही. जिथे धोका दिसतो तिथे आधी खोदतात.

२०२५ च्या जूनमध्ये तुर्की सांस्कृतिक मंत्रालयाने आणखी एक टेकडी उघडल्याचं जाहीर केलं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली, लाकडी कक्ष, आत कांस्याची भांडी. देह मात्र जाळलेला. मोठ्या टेकडीतल्या राजाचा देह अखंड होता. मग याच सुमारास जाळलेला हा माणूस मिडासच्या घराण्यातला असेल का? चर्चा चालू आहे. माळावरच्या शंभराहून जास्त टेकड्यांपैकी आजवर पन्नासहून कमीच उघडल्या आहेत.